गेज, काच आणि क्युबिट

नाशिकमध्ये सातपूरच्या एमआयडीसीत ज्यांनी कधी जॉब तपासले आहेत, त्यांना गो/नो-गो गेज म्हणजे काय ते सांगायला नको. भोकाचा व्यास २०.००४ मिलिमीटर असो की २०.०१७, प्लग गेजला त्याच्याशी कर्तव्य नसतं. गेजचं एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. उत्तरं दोनच, पास किंवा रिजेक्ट. एका शिफ्टमध्ये शेकडो जॉब या दोन शब्दांत निकाली निघतात. माझी उमेदीची वर्षं अशाच एका इन्स्पेक्शन रूममध्ये गेली. पुढे क्वांटम कॉम्प्युटरबद्दल नीट समजून घ्यायला बसलो, तेव्हा सगळ्यात आधी उपयोगी पडलं ते हे गेज.

क्वांटम कॉम्प्युटरचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. साधा बिट शून्य किंवा एक असतो, क्युबिट एकाच वेळी दोन्ही असतो, त्यामुळे हा कॉम्प्युटर सगळी उत्तरं एकदम काढतो. या वाक्याचा मधला भाग अर्धवट आहे आणि शेवट चुकीचा. सगळी उत्तरं एकदम काढून उपयोग काय, जर त्यातलं एकच हाती येणार असेल आणि ते कोणतं हे आपल्या हातात नसेल? खरी करामत वेगळीच आहे, आणि ती कळायला इन्स्पेक्शन रूममधल्या दोन वस्तू पुरतात. एक गेज आणि दुसरी ऑप्टिकल फ्लॅटची काच.

आधी गेज. क्युबिट म्हणजे दोन अवस्थांची कोणतीही सूक्ष्म वस्तू. प्रकाशाचा एक कण, विद्युतक्षेत्रात अडकवून ठेवलेला एक आयन, किंवा अतिवाहक धातूचं एक चिमुकलं सर्किट. तिची अवस्था दोन संख्यांनी सांगतात, एक शून्याच्या बाजूची, एक एकच्या बाजूची. भौतिकशास्त्रात त्यांना आयाम म्हणतात. समजा त्या ०.६ आणि ०.८ आहेत. आपण मोजायला गेलो की या संख्या दिसत नाहीत. मोजमाप गो/नो-गो गेजसारखं आहे, ते शून्य किंवा एक एवढंच सांगतं. शून्य येण्याची शक्यता ०.६ चा वर्ग, म्हणजे ३६ टक्के, आणि एक येण्याची ६४ टक्के.

इथपर्यंत गेजची उपमा चालते, पुढे ती सोडावी लागते. भोक गेजने तपासलं तरी त्याचा व्यास होता तोच राहतो. शंका आली तर बोअर गेज लावून नेमकं माप काढता येतं. क्युबिटला ही सोय नाही. एक असं उत्तर आलं की तो क्युबिट त्या क्षणापासून पूर्णपणे एक होतो. आधीचे ०.६ आणि ०.८ पुसले जातात, पुन्हा शंभर वेळा मोजलं तरी एकच येतो. मोजणं म्हणजे नुसतं बघणं नाही, ती जॉबवर झालेली एक क्रियाच आहे. आयुष्यभर मोजमाप करणाऱ्या माणसाला हे पचायला वेळ लागतो, मलाही लागला. पण यात कुठे गूढ नाही. निसर्ग तसा आहे आणि हजारो प्रयोगांत तो तसाच आढळला आहे.

आता काच. स्लिप गेजचा पृष्ठभाग किती सपाट आहे ते पाहायचं तर त्यावर ऑप्टिकल फ्लॅट ठेवतात आणि सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली धरतात. काचेखाली उजेड-अंधाराचे पट्टे उमटतात. पट्टे सरळ आणि समान अंतरावर असले तर पृष्ठभाग सपाट, वाकले तर खोट. एका पट्ट्यापासून पुढच्या पट्ट्यापर्यंत काच आणि पोलाद यांच्यातली फट सुमारे ०.३ मायक्रॉनने बदललेली असते, म्हणजे त्या प्रकाशाच्या अर्ध्या तरंगलांबीने. काचेच्या खालच्या पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश आणि पोलादावरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतात. लाटेच्या माथ्यावर माथा आला की उजेड, माथ्यावर खळगा आला की अंधार. उजेडात उजेड मिळवला आणि अंधार झाला! शाळेच्या पुस्तकात याला व्यतिकरण म्हणतात. पहिल्यांदा हे पट्टे पाहिले तेव्हा मी बराच वेळ काचेवर वाकून उभा होतो. दिव्याचा उजेड इतका मंद केला की एका वेळी एकच प्रकाशकण जाईल, तरी असे पट्टे हळूहळू साकारतात, हे पुष्कळ नंतर वाचलं.

पट्टे पडतात कारण लाट अधिक असू शकते तशी उणेही असू शकते. क्युबिटचे आयाम तसेच आहेत. ०.८ आणि उणे ०.८ यांचा वर्ग सारखाच, त्यामुळे गेजला दोघांत फरक दिसत नाही. पण एकमेकांत मिसळले की ते एकमेकांना खाऊन टाकतात.

एक छोटा हिशेब करू. शून्यात असलेल्या क्युबिटवर एक क्रिया केली, तिने दोन्ही आयाम ०.७०७ झाले. आता मोजलं तर नाणेफेक, निम्म्या वेळा शून्य, निम्म्या वेळा एक. मोजलं नाही आणि तीच क्रिया पुन्हा केली तर? एककडे जाणाऱ्या दोन वाटा आहेत. एका वाटेने ०.५ येतो, दुसरीने उणे ०.५. बेरीज शून्य. शून्याकडे जाणाऱ्या दोन्ही वाटांनी अधिक ०.५ येतो, बेरीज एक. म्हणजे उत्तर शंभर टक्के शून्य. नाणं दोनदा उडवून कधी खात्री मिळत नाही, इथे मिळते. क्वांटम अल्गोरिदम म्हणजे हीच कारागिरी, फार मोठ्या प्रमाणावर केलेली. चुकीच्या उत्तरांकडे जाणाऱ्या वाटा एकमेकींना खोडून काढतील आणि बरोबर उत्तराकडच्या वाटा जोर धरतील, अशी क्रियांची मांडणी करायची, आणि मोजमाप अगदी शेवटी करायचं. ही मांडणी सगळ्या प्रश्नांना जमत नाही. म्हणूनच हा कॉम्प्युटर ऑफिसातल्या कॉम्प्युटरची जागा घेणार नाही. पगारपत्रक किंवा सीएनसीचा प्रोग्राम त्याच्यावर चालवण्यात काही फायदा नाही.

क्युबिट दोन झाले की आयाम चार होतात, तीन झाले की आठ. पन्नास क्युबिटांचे आयाम एकावर पंधरा शून्यांच्याही वर जातात, आणि तीनशे क्युबिटांना लागणारे आयाम दृश्य विश्वातल्या अणूंच्या संख्येहून जास्त भरतात. यातच एंटँगलमेंट येतं, मराठीत गुंतलेपण म्हणू. सातपूरमधल्या बॉशच्या कारखान्यात, जुनी माणसं ज्याला अजून मायको म्हणतात, डिझेल इंजिनचे नोझल आणि इंजेक्टर बनत आले आहेत. नोझलची सुई आणि बॉडी या जोडीने जुळवतात. दोघांमधली फट मायक्रॉनमध्ये असते, त्यामुळे एका जोडीची सुई दुसऱ्या बॉडीत चालवून घेत नाहीत. महत्त्वाचं माप असतं ते जोडीचं. गुंतलेल्या क्युबिटांत ही गोष्ट टोकाला जाते. तिथे जोडीची अवस्था पक्की असते आणि एकेकट्याची अवस्था अशी काही नसतेच. नोझलच्या सुईला निदान स्वतःचा व्यास असतो. गुंतलेल्या कणांची उत्तरं आधीपासून ठरलेली नसतात, हे प्रयोगाने दाखवण्यासाठी आलाँ आस्पे, जॉन क्लाउझर आणि आंतोन त्साइलिंगर यांना २०२२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. गुंतलेपणाने क्षणात निरोप पाठवता येतो, हा मात्र गैरसमज आहे. प्रत्येक टोकाला दिसते ती नाणेफेकच. दोन्ही टोकांच्या नोंदी शेजारी ठेवल्यावरच मेळ लक्षात येतो.

मोजमापाच्या खोलीचं तापमान २० अंश ठेवतात, जगभर हाच दंडक आहे. एक मीटर लांबीची पोलादी पट्टी एका अंशाने तापली तर साधारण साडेअकरा मायक्रॉनने वाढते, मग मायक्रॉनच्या गोष्टी बोलण्यात अर्थ राहत नाही. क्युबिटची तक्रार याच जातीची आहे, फक्त तो फार नाजूक. अतिवाहक सर्किटाच्या क्युबिटाला हाक मारायची ती सूक्ष्मलहरींनी, साधारण पाच गिगाहर्ट्झच्या. घरातल्या वायफायचा एक पट्टा तिथेच आहे. पण साध्या उष्णतेतही याच लहरींची गर्दी असते. त्या गोंगाटात आपली हाक वेगळी ऐकू यायची तर तापमान निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत खाली न्यावं लागतं. नाशिकची द्राक्षं कोल्ड स्टोरेजमध्ये शून्य अंशाच्या आसपास राहतात. त्या शून्याच्याही २७३ अंश खाली ही जागा आहे. मोकळं अंतराळसुद्धा याहून गरम, निरपेक्ष शून्याच्या वर २.७ अंश. एवढी थंडी मिळवण्यासाठी हेलियमचे दोन प्रकार, हेलियम-३ आणि हेलियम-४, एकमेकांत मिसळत ठेवणारं यंत्र वापरतात. फोटोत सोनेरी झुंबरासारखं दिसतं ते हेच यंत्र. खरा प्रोसेसर त्याच्या तळाशी, बोटाच्या पेराएवढ्या चिपवर असतो.

असं झुंबर पाहायला अमेरिकेत जायला नको. नाशिकहून दोनशे किलोमीटरच्या आत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते आहे. तिथे डॉ. आर. विजयराघवन यांची प्रयोगशाळा अतिवाहक क्युबिटांवर काम करते. ऑगस्ट २०२४ मध्ये ही संस्था आणि डीआरडीओची पुण्यातली तरुण शास्त्रज्ञांची क्वांटम प्रयोगशाळा यांनी मिळून सहा क्युबिटांच्या प्रोसेसरची सुरुवातीपासून शेवटपर्यंतची चाचणी पूर्ण केल्याचं जाहीर झालं. चिप कुलाब्यात घडली, ती चालवायची आणि मोजायची यंत्रणा पुण्याच्या प्रयोगशाळेने जुळवली आणि क्लाउडवरून प्रोग्राम पाठवण्याची सोय टीसीएसने केली. सहा क्युबिट म्हणजे ६४ आयाम. एवढा हिशेब तुमच्या खिशातला फोन सहज करील, हे लपवण्यात अर्थ नाही. तरीही मला ही बातमी मोठी वाटली. ज्याने पहिली लेथ स्वतः बनवली त्याला पुढची कशी बनवायची ते कळतं, आणि विकत घेतलेल्या यंत्राची खोट फक्त विकणाऱ्याला माहीत असते, हे सातपूरच्या वसाहतीने अनुभवाने शिकलेलं आहे.

अशा अतिवाहक सर्किटांचा पाया १९८४-८५ च्या प्रयोगांत आहे. डोळ्यांना दिसेल एवढं सर्किटही पुंजभौतिकीचे नियम पाळतं, हे जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि जॉन मार्टिनिस यांनी तेव्हा दाखवलं. २०२५ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं.

आता रिजेक्शनबद्दल. आजच्या चांगल्या क्युबिटांवर दोघांना गुंतवणारी एक क्रिया केली की साधारण हजारात एक ते काही चुका होतात. आपल्या भाषेत हजार पीपीएमच्या वर, आणि पुऱ्या कामाला अशा कोट्यवधी क्रिया लागतात. साध्या कॉम्प्युटरमध्ये माहितीच्या प्रती काढून ठेवतात. इथे तीही वाट बंद. अनोळखी क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत काढताच येत नाही, असं १९८२ मध्ये सिद्ध झालं आहे. मोजून बघावं तर मोजण्यानेच अवस्था मोडते. मग चूक पकडायची कशी? इथे मला कम्पॅरेटर आठवतो. तो जॉबचं माप सांगत नाही, मास्टरपेक्षा फरक किती तेवढं सांगतो. चूक सुधारण्याच्या क्वांटम पद्धतीत एक माहिती अनेक क्युबिटांवर पसरवून ठेवतात आणि शेजारी-शेजारी असलेले क्युबिट आपसांत जुळतात का, एवढंच विचारत राहतात. प्रत्येकात काय आहे ते विचारतच नाहीत. जुळणी कुठे बिघडली ते कळतं आणि माहितीला धक्का लागत नाही. मला वाटतं, या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर कल्पना हीच आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये गूगलने विलो नावाची १०५ क्युबिटांची चिप जगापुढे आणली. तिच्यात माहिती पसरवून ठेवणारी क्युबिटांची जाळी ३×३ ची ५×५ केली, ५×५ ची ७×७ केली, तशी प्रत्येक पायरीला चूक निम्म्याहून थोडी खाली आली. तोवर क्युबिट वाढवले की बहुधा चुकाही वाढत. एका भरवशाच्या क्युबिटामागे शेकडो, कदाचित हजारावर कच्चे क्युबिट राबवावे लागतील हे खरं आहे. म्हणून कोणी नुसता क्युबिटांचा आकडा सांगितला तर माझा पहिला प्रश्न असतो, चुकीचं प्रमाण किती?

हे जमलं तर त्याचं करायचं काय? भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ मध्ये दिलेलं उत्तर आजही सगळ्यात भक्कम आहे. निसर्ग पुंजांच्या नियमांनी चालतो, तर त्याची नक्कल करणारं यंत्रही त्याच नियमांनी चालू द्या. रेणू, उत्प्रेरक, चुंबकीय पदार्थ यांतल्या इलेक्ट्रॉनांचा हिशेब साध्या कॉम्प्युटरच्या आवाक्याबाहेर जातो. नोव्हेंबर २०२२ मध्ये बॉश आणि आयबीएम यांनी याच कामासाठी हातमिळवणी केली. विजेच्या मोटरी आणि फ्युएल सेल यांत लागणारे मौल्यवान धातू आणि दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं यांना पर्याय शोधणं हा तिचा हेतू. डिझेलचं नोझल घडवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांच्या मुलांच्या हाती विजेच्या मोटरीचे भाग येत आहेत. त्या मोटरीतलं चुंबक उद्या कशाचं असेल याचा शोध अशा यंत्रांवर घेतला जात आहे.

शोधण्याच्या कामात फायदा आहे, पण तो बेताचा. भारतीय वंशाचे लव ग्रोव्हर यांनी १९९६ मध्ये दाखवलं की दहा लाख शक्यतांतून एक शोधायला सरासरी पाच लाख वेळा पाहावं लागतं, तिथे क्वांटम पद्धतीला हजाराच्या आतच पायऱ्या पुरतात. ट्रकचे मार्ग किंवा मशीनचं वेळापत्रक चुटकीसरशी सुटेल अशा जाहिराती मात्र कुणी केल्या, तर त्यांवर लगेच विश्वास ठेवू नये. तिथली मोठी झेप अजून सिद्ध व्हायची आहे.

कुलपांचं तसं नाही. बँकेचे व्यवहार, ग्राहकाने ईमेलवर पाठवलेलं ड्रॉइंग, हे सगळं ज्या कुलपांत असतं त्यांतलं एक मोठं कुलूप म्हणजे प्रचंड संख्येचे मूळ अवयव काढणं अवघड आहे यावरचा भरवसा. गणितज्ञ पीटर शोर यांनी १९९४ मध्ये त्याची क्वांटम किल्ली कागदावर बनवली. ती फिरवायला आठ तास आणि दोन कोटी क्युबिट लागतील असा २०१९ चा अंदाज होता. २०२५ मध्ये तोच अंदाज दहा लाखांहून कमी क्युबिट आणि आठवड्याच्या आतला वेळ इथवर उतरला. एवढं यंत्र आज कुणाकडे नाही, पण आज चोरून साठवलेला मजकूर उद्या उघडता येईल. म्हणून अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या गणितावरची तीन मानकं जाहीर केली. ती साध्याच कॉम्प्युटरवर चालतात. त्यांना पोस्ट-क्वांटम म्हणतात आणि नावामुळे गोंधळ होतो, पण त्यांच्यात क्वांटम काहीच नाही.

केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली, २०३१ पर्यंत ६,००३ कोटी रुपये. त्याच्या चार केंद्रांपैकी मोजमापाचं आणि सेन्सरचं केंद्र आयआयटी मुंबईत आहे. माझ्यासारख्याला सर्वांत जास्त उत्सुकता त्याचीच. तिथे हिऱ्यातल्या एका खोटीवर काम चालतं. हिऱ्यात एका कार्बनच्या जागी नायट्रोजन आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी, अशी ही खोट. तिच्यावर हिरवा लेसर टाकला की लाल प्रकाश निघतो आणि आजूबाजूच्या चुंबकीय क्षेत्राप्रमाणे त्याची चमक बदलते. याला झुंबर लागत नाही, हिरा खोलीच्या तापमानात काम करतो. क्युबिट बाहेरच्या जगाला फार लवकर भुलतो हा कॉम्प्युटरवाल्यांच्या डोक्याला ताप, आणि सेन्सरवाल्यांचं तेच भांडवल. कॉम्प्युटरच्या आधी असे सेन्सर कारखान्यात येतील, असं मला वाटतं.

सातपूरहून शहर ओलांडून नाशिकरोडला गेलं की नोटांचा छापखाना लागतो. तिथे १९२८ पासून नोटा छापल्या जातात. या साऱ्या विषयातला एक धागा थेट नोटेपर्यंत जातो. १९७० च्या सुमारास कोलंबिया विद्यापीठात शिकणाऱ्या स्टीफन वीझनर यांना सुचलं की नोटेत काही क्वांटम कण बसवावेत. त्यातला प्रत्येक कण दोनपैकी एका प्रकारच्या गेजसाठी तयार केलेला, आणि कोणत्या कणाला कोणतं गेज हे फक्त बँकेला ठाऊक. नक्कल करणारा चुकीचं गेज लावील तिथे कण बिघडेल, आणि प्रत तर काढता येतच नाही. त्यांचा लेख परत आला. तो छापून यायला १९८३ उजाडलं. वीझनर पुढे इस्राएलमध्ये स्थायिक झाले, तिथे त्यांनी बांधकामावर मजुरी केली.

आजच्या अतिवाहक क्युबिटांची नोट केली तर ती सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपासच पुसट होऊ लागेल. पण वीझनर यांची ही कल्पना शास्त्रज्ञ चार्ल्स बेनेट यांच्या डोक्यात राहिली होती. १९७९ मध्ये पोर्तो रिकोच्या समुद्रात पोहताना त्यांनी ती जील ब्रासार या अनोळखी तरुणाला सांगितली. दोघांच्या लक्षात आलं की कण साठवायची गरजच नाही. तो पाठवायचा आणि त्याच्यावरून गुप्त किल्ली बनवायची. वाटेत कुणी मोजलं तर बिघाड दिसेल आणि चोरी कळेल. त्यांनी यावरचा निबंध डिसेंबर १९८४ मध्ये मांडला तो आपल्या बेंगळुरूत, एका आंतरराष्ट्रीय परिषदेत. १९८९ मध्ये अशी किल्ली पहिल्यांदा खरोखर पाठवली गेली, तेव्हा दोन टोकांतलं अंतर जेमतेम एक फूट होतं, टूलरूममधल्या स्टीलच्या पट्टीएवढं. २०२१ मध्ये अहमदाबादेत इस्रोच्या शास्त्रज्ञांनी मोकळ्या हवेतून ३०० मीटरवर असा दुवा जोडला. फेब्रुवारी २०२२ मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्ली यांनी प्रयागराज ते विंध्याचल, शंभरेक किलोमीटरच्या साध्या टेलिकॉम फायबरमधून किल्ली पाठवली. सातपूरच्या त्र्यंबक रोडवरून निघालेली केबल इगतपुरी ओलांडून, कसारा घाट उतरून शहापूरच्या जवळपास पोचेल, एवढं ते अंतर.